साखळी सामन्यांचं टाइमटेबल चिठ्ठ्या टाकून कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की कोथरूडपासून हडपसरपर्यंत टर्फवर, सोसायटीच्या ग्राउंडवर साखळी स्पर्धा सुरू होतात, आणि मॅचेसचा क्रम बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर "तुम्हाला कधी जमतंय" विचारत ठरतो. आमच्या भागातल्या कबड्डी लीगमध्ये पोरींच्या एका टीमला लागोपाठ दोन मॅच लागल्या, मधे धड पाणी प्यायलाही वेळ नाही आणि समोरची टीम आदल्या दिवसापासून आराम करून आलेली. पोरी रडल्या हो. हे सहज टाळता आलं असतं.

साखळीत प्रत्येक टीम बाकी प्रत्येकीशी एकदा खेळते, म्हणून ८ टीम असल्या की मॅच २८, त्या ७ फेऱ्यांत बसतात, दर फेरीत ४, प्रत्येक टीम फेरीत एकदाच खेळते. वरच्या ओळीत १ ते ४ लिहा, खाली १ च्या खाली ८, २ च्या खाली ७ असं उलटं, वरखाली आले त्यांची मॅच. पुढच्या फेरीला १ नंबर जागेवरच, बाकी सगळे गोल फिरवत एकेक घर पुढे. टीम ७ असतील तर आठवी जागा रिकामी, तिच्यासमोर येईल त्या टीमला बाय, म्हणजे त्या फेरीत सुट्टी. या गणिताचं मूळ थॉमस कर्कमन या इंग्लिश पाद्र्याच्या १८४७ सालच्या लेखापर्यंत नेतात, आणि आपण अजून चिठ्ठ्याच टाकतोय!

ग्राउंड एकच असेल तर फेरीच्या शेवटच्या मॅचमधल्या टीमना पुढच्या फेरीची पहिली मॅच देऊ नका, एवढं पाळलं तरी लागोपाठ खेळणं टळतं.

या पद्धतीत एक खोट मात्र आहे आणि ती कबड्डीत फार जाणवते. समजा ४ नंबरची टीम तगडी आहे, तर तिच्याशी भिडून दमलेली टीम बहुतेक फेऱ्यांत तिच्या शेजारच्या एकाच नंबरच्या वाट्याला येते, म्हणजे त्या टीमला आयता फायदा. रसेल या संशोधकाने १९८० मध्ये दाखवलं की टीम ४, ८, १६ अशा दुपटीच्या आकड्यात असतील तर मांडणी वेगळ्या तऱ्हेने करून हा फायदा सगळ्यांत सारखा वाटता येतो. म्हणून जमलं तर ८ च टीम घ्या.

आपल्या क्रीडा पानावर ६, ८ आणि १० टीमचे तयार तक्ते एकदा छापाच, आणि आयोजकांनी पहिल्या मॅचच्या आधी पूर्ण टाइमटेबल ग्राउंडवर लावावं ही कळकळीची विनंती.

एक वाचक, कोथरूड, पुणे