कॅप्शन दिसतात, पण वेळेवर दिसत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अभ्यासक्रमात कॅप्शनची सोय असल्याचं लिहिलेलं असतं, बटण दाबलं की अक्षरंही उमटतात, आणि तरीही कर्णबधिर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. पडद्यावर बाण तिसऱ्या व्हॉल्व्हकडे गेलेला असतो आणि खाली वाक्य चालू असतं दुसऱ्याचं. ऐकू येणाऱ्याला तीन सेकंदांचा हा फरक खटकतो, तो मनातल्या मनात दुरुस्त करतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला चूक झाल्याचं कळतच नाही. तो ते तसंच शिकतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजात सुरक्षेचा धडा पाहणारा कामगारही कॅप्शनवरच अवलंबून असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. वेबवरचा मजकूर दिव्यांगांनाही वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मानकातही रेकॉर्ड केलेल्या दृक्‌श्राव्य मजकुराला कॅप्शन ही ‘ए’ स्तराची, म्हणजे अगदी किमान अट आहे. पुण्यात अशा अभ्यासक्रमांची निर्मिती मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून हे काम करून घेणाऱ्या संस्था आणि करणारे दोघांसाठी हे पत्र.

बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात असते. संहिता मंजूर झाली की लगेच कॅप्शनची फाइल तयार होते, तिला वेळा लावल्या जातात, म्हणजे कोणतं वाक्य कधी यावं आणि कधी जावं हे ठरतं, आणि मग निवेदनावर हात फिरवणं सुरू होतं. कुणी श्वासाचे आवाज काढतं, कुणी लांब विराम कापतं, कुणी एखादं वाक्य नव्याने रेकॉर्ड करतं. संगणकीय आवाज वापरला असेल तर एक शब्द बदलून पुन्हा आवाज काढला तरी पुढची सगळी लांबी बदलते. कॅप्शनच्या फाइलला यातलं काही कळत नाही. तिच्यातल्या वेळा होत्या तिथेच राहतात. म्हणून निवेदनाची अंतिम फाइल पक्की झाल्याशिवाय कॅप्शनला वेळा लावू नयेत. मजकूर आधी तयार ठेवायला हरकत नाही.

जुळणी बिघडली की सरसकट सगळ्या वेळा पुढेमागे करण्याआधी क्लिपच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी फरक मोजावा. तिन्ही ठिकाणी तो सारखाच, समजा सव्वा सेकंद, असेल तर सुरुवातीची शांतता कापली गेली आहे किंवा आवाज टाइमलाइनवर उशिरा सुरू होतो आहे. सबटायटल एडिटसारख्या मोफत साधनात सगळ्या वेळा एकदम सरकवल्या की काम झालं. फरक हळूहळू वाढत जात असेल तर आवाजाचा वेग बदललेला आहे. ‘निवेदन जरा संथ वाटतं’ म्हणून वेग ५ टक्क्यांनी वाढवला की ९० सेकंदांच्या स्लाइडच्या शेवटी कॅप्शन चार सेकंदांहून जास्त मागे पडतात. इथे वेळा सरकवून उपयोग नाही. पहिलं आणि शेवटचं वाक्य नेमक्या जागी बसवून मधल्या सगळ्या वेळा त्या प्रमाणात आखडाव्या लागतात; दोन बिंदू देऊन हे करण्याची सोय त्याच साधनात आहे. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा. सुरुवात बरोबर, मग अचानक अर्ध्या सेकंदाचा फरक, पुढे तो एका सेकंदाचा. मधले विराम कापले गेल्याची ही खूण. त्यावर एक आकडा चालत नाही. आवाजाचा आलेख समोर ठेवून प्रत्येक कापाच्या जागेपासून पुढच्या वेळा नव्याने लावाव्या लागतात.

ही तपासणी तारेच्या हेडफोनवर किंवा संगणकाच्या स्पीकरवर करावी. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचू शकतो. तो फरक फाइलमध्ये ‘दुरुस्त’ केला तर बाकी सगळ्यांसाठी कॅप्शन उशिरा येतात.

वेळ कुठे लावायची? आलेखात पहिला ध्वनी उठतो तिथे कॅप्शन यावं. वाक्य संपल्यावर ते अर्धा सेकंद राहिलं तर वाचणाऱ्याला दम घेता येतो, मात्र पुढच्या वाक्यावर ते चढू नये. एका वेळी दोनच ओळी. किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात सेकंद. सेकंदाला दोन-अडीच शब्दांहून जास्त वाचायला लावू नये. निवेदन त्याहून वेगवान असेल तर कॅप्शनमधले शब्द गाळण्यापेक्षा निवेदनच संथ करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. ऐकणाऱ्याला पूर्ण वाक्य आणि वाचणाऱ्याला त्याचा सारांश, हे न्याय्य नाही.

मराठीत आणखी एक अडचण येते. ओळीला ३२ किंवा ४२ अक्षरं ही मर्यादा रोमन लिपीसाठी ठरलेली आहे आणि बरीच साधनं काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. मोजणीत तो १५ चा भरतो. साधनाने लाल खूण दाखवली म्हणून ओळ मध्येच तोडू नये. ओळ तुटावी ती ‘तर’, ‘म्हणून’, ‘की’ किंवा स्वल्पविराम येतो तिथे. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘हे बटण कधीही दाबू’ एका कॅप्शनमध्ये आणि ‘नका’ पुढच्या कॅप्शनमध्ये गेलं, तर दोन सेकंद भलताच अर्थ पडद्यावर राहतो.

संहितेवरून आपोआप वेळा लावणारी साधनं आकड्यांपाशी अडखळतात. संहितेत ‘२.५ मिमी’ आणि निवेदक म्हणतो ‘अडीच मिलिमीटर’. तिथून पुढची दोन-तीन वाक्यं घसरू शकतात. जुळणीसाठी उच्चाराप्रमाणे लिहिलेली प्रत वेगळी ठेवावी, वेळा लागल्यावर आकडे परत आणावेत.

फाइलच्या बाबतीत थोडक्यात. देवनागरीसाठी ती यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतच साठवावी, नाहीतर अक्षरांच्या जागी चिन्हं येतात. एसआरटी आणि व्हीटीटी हे कॅप्शनच्या फाइलचे दोन प्रकार; एसआरटीमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम, व्हीटीटीमध्ये टिंब, आणि वेळेचे आकडे दोन्हींत रोमनच हवेत. प्रत्येक क्लिपची वेळ शून्यापासून सुरू झाली पाहिजे. संपूर्ण धड्याची एक फाइल स्लाइडनुसार नुसती तोडली तर सातव्या स्लाइडचं पहिलं कॅप्शन ४ मिनिटं १२ सेकंदांवर राहतं, स्लाइड मात्र ४० सेकंदांची. ते कधी दिसतच नाही.

आणि एक पळवाट मात्र पूर्ण बंद व्हावी. काही ठिकाणी कॅप्शन म्हणून स्लाइडवर मजकुराचे चौकोन ठेवून त्यांना टायमर लावतात. ते आवाजाच्या घड्याळावर चालत नाहीत. विद्यार्थ्याने आवाज थांबवला, मागे नेला, दीडपट वेगाने लावला किंवा ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडून परत आला की जुळणी गेली. ते बंदही करता येत नाहीत आणि त्यांचा आकारही बदलता येत नाही.

काम करून घेणाऱ्या संस्थांनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. तपासणी निर्मितीच्या साधनात न करता प्रकाशित पॅकेजवर, प्रत्यक्ष एलएमएसमध्ये (विद्यार्थी अभ्यासक्रम उघडतात त्या प्रणालीत) आणि एका साध्या मोबाइलवर व्हावी. प्रत्येक स्लाइड मध्येच थांबवून, मागे नेऊन पाहावी. स्लाइड आवाजानंतर किमान एक सेकंद टिकावी, कारण आपोआप पुढे जाणाऱ्या स्लाइडवर शेवटचं कॅप्शन कापलं जातं. आणि अंतिम आवाज व कॅप्शनच्या मूळ फाइली स्लाइडच्या क्रमांकासह संस्थेच्या ताब्यात याव्यात, म्हणजे उद्या एखादा नियम बदलून एकच वाक्य नव्याने रेकॉर्ड झालं तर त्या एकाच स्लाइडच्या वेळा बदलून भागेल.

आपले,
ई-लर्निंगमध्ये ध्वनी आणि कॅप्शनचं काम करणारे काही जण,
पुणे