सूचना : तळ्यातल्या भरावाविरुद्ध हरकती, रविवारी पाहणी

सभासदहो,

तळ्याकाठी भराव टाकण्याच्या प्रस्तावावर लेखी हरकत देण्याची मुदत येत्या बुधवारी संपते. त्याआधी रविवारी सकाळी ७ वाजता सर्वांनी बांधावर जमावे.

- हरकत स्वतःच्या शब्दांत लिहून सही-तारखेसह आणावी. एकाच मजकुराच्या गठ्ठ्याला फारसं कोणी विचारत नाही. पत्र दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका!
- पक्ष्यांच्या जुन्या नोंदी व फोटो असल्यास तारीख-वेळेसह आणा.
- पायवाट सोडू नये. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार. काळपट ठिपक्यांमुळे ती खड्यांत ओळखू येत नाहीत, सहज पायाखाली जातात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की मागे फिरा.
- घरट्यांचे फोटो, ठिकाण ग्रुपवर टाकू नये.
- कुत्री घरीच ठेवावीत.