चिलट नव्हतं ते

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई, मीटिंग आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय.

गेल्या सोमवारी मेथी निवडताना उजव्या डोळ्यापुढे चिलट आलं. दोनदा हाकललं, जाईना. बघेन तिकडे तेही यायचं. रात्री दिवा मालवला तर डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून गप्प बसले. बाबा म्हणाले, गुलाबपाणी घाल. (त्यांचं सगळ्यावर तेच औषध.) गुरुवारी काळ्या ठिपक्यांचा पाऊसच पडला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तीन दिवस वाया घालवले ते माझ्या अंगावर आले असते.

डोळ्यातली जेली वयानं पातळ होते, आकसते आणि सुटताना डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) ओढते. माझ्या पडद्याला घोड्याच्या नालेसारखी फट पडली होती. तिच्यातून पाणी मागे शिरलं की भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. मग ऑपरेशनच.

ती वेळ येऊ नये म्हणून माझ्या डोळ्याला लेसर केलं. लेसरनं फट बुजत नाही, बरं का. गोधडीच्या फाटक्या जागेभोवती आपण धावदोरा घालतो ना, तसे फटीभोवती डागांचे दोन-तीन वेढे घालतात. ते डाग धरायला 10 ते 14 दिवस लागतात. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यावर भिंग, हिरवा लखलखाट, मधूनच आत खोल कळ. चिलट अजून आहेच, ते लेसरनं जात नाही.

नंतर वाचलं (मास्तरणीची खोड): 1945 चं ग्रहण बघताना एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला, त्यावरून जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ या डॉक्टरांना ही युक्ती सुचली. लेसर निघायच्या आधी त्यांनी गच्चीवर आरसे लावून सूर्याच्या उन्हानंच पडदे डागले!

आता तुझं. तुझा नंबर उणे नऊ होता. तो घालवलास, चष्मा सुटला, पण ते काम डोळ्याच्या पुढच्या काचेवर झालं. डोळा आतून लांबच आहे, पडदा ताणलेलाच आहे. अशा डोळ्यांना फट पडायला माझ्याएवढं वय लागत नाही. या महिन्यात थेंब घालून पडदा तपासून घे. आणि कधी चमकलं, ठिपके वाढले किंवा कडेनं सावली आली, तर त्याच दिवशी जा, मीटिंग असली तरी.

थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं. बाईक नेऊ नकोस, रिक्षानं जा.

तुझी
आई