भाई, आमच्या ८०० चा आवाज ओळखल्याबद्दल आणि त्यापुढचं खरं सांगितल्याबद्दल

भाई, नमस्कार.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. मी पर्स काढली तेव्हा "काम कितें केलां हांवें?" (मी काम काय केलंय?) म्हणालात आणि हात धुवायला नळाकडे गेलात. म्हणून हे पत्र, आणि असं सगळ्यांसमोर, कारण आमच्या गोव्यात साखळी-डिचोलीकडे घराघरात अशा जुन्या गाड्या आहेत, त्यातल्या कितीतरी काही ना काही आवाज करत असणार, आणि तुम्ही मला त्या दुपारी जे दाखवलंत ते त्यांनाही कळायला हवं असं मला फार वाटतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भाई म्हणजे आमच्या गाडीचा आवाज तपासणारे मेकॅनिक. बाबांनी २००५ साली घेतलेली मारुती ८००. बाबा तेव्हा मोरजीला शाळेत शिकवायचे, रिटायर होईपर्यंत गाडी तिथेच, समुद्राच्या वाऱ्यावर उभी असायची, नंतर घरी साखळीला आली. आता चालवते मी. पावसाळ्यात वाळवंटी नदीचं पाणी बाजारात भरलं तेव्हा ती चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी घुमायला लागली. चाळीसपर्यंत काही नाही, चाळीसच्या पुढे खालून घुंऽऽऽ असा आवाज, साठला गेली की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येईना, वेग कमी केला की गप्प. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी गाडी नुसती गेटपर्यंत फिरवून आणली आणि गिअरबॉक्स गेलाय म्हणाले, उघडावा लागेल, बावीस हजार तरी धरा, नाहीतर आम्हालाच देऊन टाका, पंधरा देतो. हे सगळं बाबांकडे बघून बोलत होते. बाबा गाडी चालवत नाहीत आता, डोळ्यांमुळे. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर बाबांना मिळायचं.

म्हणून भाई, तुमच्याकडे आल्यावर तुम्ही पहिल्यांदा "गाडी कोण चलयता?" विचारलंत आणि मी म्हटल्यावर मग सगळं माझ्याशीच बोललात, ह्याचे पहिले आभार. तुम्हाला कदाचित ह्यात काही विशेष वाटणार नाही. मला खूप वाटलं.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाहीत. आधी प्रश्न. आवाज कधी येतो, ब्रेक दाबल्यावर बदलतो का, वळताना टकटक होते का, थंड गाडीला येतो की तापल्यावर. मग म्हणालात, आवाज इंजिनाचा का चाकाचा ते पहिलं ठरवायचं, तेवढं कळलं की अर्धं काम झालं. आणि मलाच चालवायला लावलंत. डिचोलीच्या रस्त्याला सरळ मोकळा पट्टा आला तेव्हा पन्नासवर घ्यायला सांगितलंत, मग क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायला, इंजिन खाली आयडलिंगला आलं आणि घुंऽऽऽ तसाच चालू. म्हणजे इंजिन नाही, आवाज चाकांच्या वेगाबरोबर चाललाय. तिसऱ्या गिअरला पन्नास आणि चौथ्या गिअरला पन्नास, दोन्हीकडे आवाज तोच, मी इतके दिवस ती गाडी चालवत होते पण असं वेगळं वेगळं करून ऐकायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग टायर. तुम्ही सांगितलंत की टायर उंचसखल झिजले की तेही असंच घुमतात आणि लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर वेगळा, खडबडीत रस्त्यावर वेगळा. आपला जुन्या खड्ड्याखड्ड्यांच्या डांबरावरही तोच आणि नव्या हॉटमिक्सवरही तोच राहिला. तरी शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून बघायचे, आवाज मागे गेला तर टायर, जागेवर राहिला तर नाही. आणि मग ती नागमोडी, मागेपुढे कोणी नाही बघून हळूच डावीकडे आणि मग हळूच उजवीकडे. डावीकडे वळवली की आवाज वाढला, उजवीकडे वळवली की जवळजवळ बंद. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणजे दुखणं उजव्या बाजूला. एवढं तुम्ही एकही पाना हातात न घेता काढलंत!

तुमच्या शेडमध्ये आल्यावर गाडी जॅकवर घेतलीत आणि खाली स्टँड लावेपर्यंत त्या आयटीआयच्या मुलाला हातसुद्धा आत घालू दिला नाहीत, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली जायचं नाही, हे तुम्ही त्याला ज्या आवाजात सांगितलंत तो आवाज माझ्याही लक्षात राहील. उजवं पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलंत, थोडा खेळ होता. मग मला म्हणालात एका हाताने चाक फिरव आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेव. भाई, ते मी कधीच विसरणार नाही. कानाला फारसं काही ऐकू येत नव्हतं पण स्प्रिंगमधून तळहाताला रवाळ खरखर लागत होती, जात्यात खडा अडकल्यासारखी. डावं चाक फिरवलं तर स्प्रिंग एकदम शांत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलला, म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाला, लावून दांडा कानाशी धरलात, मग मला दिलात, आत करकर स्पष्ट. सीलच्या कडेने गंजाच्या रंगाचं ग्रीस बाहेर आलेलं दाखवलंत, पुराचं पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन गेलं, बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे खड्डे पडले, त्यावरून गोळे फिरतात तो हा आवाज. आणि गिअरबॉक्सबद्दल मी विचारलं तर म्हणालात, डावं चाक फिरवलंस तेव्हा गिअरबॉक्सच्या आतला डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा, तोही फिरत होता, तिथे काही खरखर लागली का? नाही लागली. तेवढ्यात बावीस हजारांचा विषय संपला.

पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग, सील आणि मजुरी धरून दोन हजारसुद्धा नाही. मी इतकी खूश झाले की बाबांना फोन करून बोलावून घेतलं, चला, गाडी वाचली. आणि तुम्ही त्या मुलाला बेअरिंग आणायला पाठवायच्या ऐवजी टॉर्च घेऊन गाडीखाली गेलात.

खरं तर ह्या पुढच्यासाठी हे पत्र आहे.

हातोडीने तुम्ही खालून एकेक ठिकाणी ठोकत मागे गेलात. पुढे टणटण. मागे डाव्या बाजूला, जिथे मागच्या ॲक्सलला धरून ठेवणारा आर्म बॉडीला बोल्टने लावलेला असतो, तिथे आवाज एकदम मेला. वरून कोणीतरी कधीतरी काळा अँटीरस्ट मारलेला, बघायला छान गुळगुळीत. तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून नुसता दाबलात आणि तो आत गेला. मग रनिंग बोर्डला लावलात, तिथेही गेला. मोरजीची खारी हवा, इथला पाऊस आणि त्यावर मारलेला तो काळा थर ज्याच्या आत ओल अडकून राहिली, वीस वर्षांत पत्रा आतून खाऊन टाकला.

मी लगेच वेल्डिंगचं विचारलं. तुम्ही हो किंवा नाही म्हणाला नाहीत, मला खाली वाकून बघायला लावलंत की वेल्डिंग धरणार कशाला. पातळ गंजक्या पत्र्यावर पॅच मारला तर त्याच्या कडेचा पत्राच जळून जातो, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं तर इथे फ्लोअरपर्यंत कापावं लागेल, ते काम नीट करणारा डेंटर तीस-पस्तीस हजार घेईल, आणि अर्धवट करणारा पाच हजारात करून वरून परत काळा रंग मारून देईल.

आणि मग तुम्ही जे बोललात ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते. बेअरिंग मी आत्ता तासाभरात घालीन, आवाज बंद होईल, गाडी मऊ चालेल, तुला वाटेल झाली बरी, आणि पुढच्या महिन्यात तू बाबांना घेऊन चोर्ला घाट चढशील. तेच मला नको. आवाज करणारी गोष्ट निदान सांगते तरी, मागचा पत्रा काहीच सांगत नाहीये.

बेळगावला बाबांच्या डोळ्यांसाठी जावं लागतं हे तुम्ही आधीच विचारून घेतलं होतंत, गाडी कशासाठी लागते म्हणून. तेव्हा मला वाटलं नुसत्या गप्पा आहेत. केरी सोडलं की तो घाट, पावसात धुकं, समोरून ट्रक, अंजुणे धरण खाली दिसतं त्या वळणांवर ब्रेक मारला आणि मागचा ॲक्सल एका बाजूने सुटला तर काय होईल हे तुम्ही हाताने करून दाखवलंत, गाडी कशी तिरकी जाते. घाबरवायला नाही. शांतपणे, जसं त्या मुलाला सांगता तसं.

आम्ही घरी सगळे तोपर्यंत एकच प्रश्न विचारत होतो, आवाजाला खर्च किती, आणि त्यावरून गाडी ठेवायची का काढायची ते ठरवणार होतो. बावीस हजार असतील तर काढू, दोन हजार असतील तर ठेवू. तुम्ही ते दोन्ही सोडवून वेगवेगळे ठेवलेत. आवाज हा एक प्रश्न, त्याचं उत्तर स्वस्त. गाडी माणसं न्यायला लायक आहे का हा दुसरा, त्याचं उत्तर आवाजात नव्हतंच. ज्या माणसाला दोन हजारांचं काम समोरून मिळत होतं त्याने ते नाकारून मला हे सांगितलं. आयुष्यभर कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, वर्कशॉपमध्ये बसगाड्यांखाली काढलेल्या माणसाला पन्नास प्रवाशांचा विचार करायची सवय असते, मला वाटतं ते तिथून आलंय.

बाकी हिशोब तुम्ही शेडच्या जमिनीवर खडूने मांडलात. २०२० ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली होती, ती संपत आली होती. आणि वीस वर्षांपुढच्या कारच्या रिन्यूअलची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार केली, आधी पाच होती, २०२२ च्या आधी तर सहाशे. त्यात फिटनेसला गाडी दाखवायची, तिथे हा पत्रा पास होणार नाही, झाला तरी व्हायला नको. इन्शुरन्स, पत्रा, बेअरिंग मिळून आकडा पन्नास हजारांकडे गेला. मी म्हटलं पार्ट मिळणार नाहीत हेही कारण आहे ना, तर तुम्ही लगेच अडवलंत, नाही, ८०० चं प्रॉडक्शन २०१४ ला बंद झालं तरी पार्ट सगळे मिळतात, खोटं कारण जोडू नकोस. ते मला फार आवडलं.

बाबांशी तुम्ही जे वागलात त्याबद्दल काय लिहू. ते बाजूला खुर्चीवर बसून होते, ऐकत होते, काही बोलत नव्हते. तुम्ही त्यांना समजावत बसला नाहीत. हातोडी त्यांच्या हातात दिलीत, "मास्तर, तुमीच पळयात." (तुम्हीच बघा.) त्यांनी पुढे ठोकलं, मागे ठोकलं, मग बोटाने त्या भोकाच्या कडेचा पत्रा मोडून पाहिला, बिस्किटासारखा मोडला. मग तुम्ही इंजिन चालू केलंत आणि त्यांना ऐकवलंत, बघा, तीन सिलिंडर अजून किती एकसारखे चालतात, ह्याला तुम्ही वेळेवर ऑइल घातलंत म्हणून. हे खरं होतं, बाबा डायरीत प्रत्येक ऑइल चेंज लिहायचे. काढायच्या गाडीचं इंजिन चांगलं ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक करणारे तुम्ही पहिले. घरी परत येताना ते रिक्षात म्हणाले, आता ठरलं, काढायची. त्याआधी आम्ही तिघं त्यांना समजावून थकलो होतो.

आणि तुमचं ते शेवटचं बजावणं, की अशीच भंगारवाल्याला देऊ नकोस, नाव तुमचं राहील आणि गाडी नाहीतर नंबरप्लेट तरी कुठेतरी फिरत राहील. आम्ही रजिस्टर्ड स्क्रॅपिंगवाल्यांकडेच देतोय, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतात, त्याच्यावर आरटीओत आरसी रद्द करून घ्यायची. नवीन गाडी घेतली तर रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूदही केंद्राच्या नियमात आहे, पण नवीन आत्ता जमणार नाही, सेकंडहँड बघतोय. तोपर्यंत गाडी आमच्या अंगणातच आहे, घरी आणल्यापासून हलवलेली नाही, नेतील तेही टोइंग करूनच.

फोंड्याला एक वॅगनआर आहे, एकाच मालकाची, फोटोत छान दिसते. मी जाऊन आधी खालून ठोकून बघणार आहे, मग चालवून, मग किंमत. तुम्ही येऊ शकलात तर फार बरं, रविवारी सकाळी, मी घ्यायला येते. तुम्हाला जमलं नाही तर फोनवर विचारीन, चालेल ना?

आणि ८०० ची बॅटरी अगदी अलीकडची आहे, मागचे दोन टायरही नवेच म्हणायचे, स्क्रॅपिंगवाल्यांना विचारलं तर ते काढून घेतलेले चालतात म्हणाले. बाबांनी सांगितलंय ते तुमच्या शेडला द्यायचे. त्या मुलाला पाठवा, आईने त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी फणसाची साठं पण बांधून ठेवलीत.

मनापासून आभार, भाई.

तुमची,
मास्तरांची थोरली
साखळी