डार्सीची बाजू आधीच कळली तर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवर नेटफ्लिक्सने सहा भागांची नवी मालिका जाहीर केली आणि जुन्या रूपांतरांची तुलना पुन्हा रंगली. नायक डार्सी म्हणून कॉलिन फर्थ बरा की मॅथ्यू मॅकफेडिन, नायिका एलिझाबेथ बेनेट म्हणून जेनिफर एली की कीरा नाइटली, आणि पुस्तकाला जास्त धरून कोण, एवढ्याभोवतीच ती फिरते. नटांची आवडनिवड ज्याची त्याची. पण ‘पुस्तकाला धरून’ हे माप बहुतेक जण प्रसंग मोजून लावतात. शेजारच्या नेदरफील्ड वाड्यातला नाच आहे का, बेनेटांच्या इस्टेटीचा वारस कॉलिन्स याने एलिझाबेथला घातलेली मागणी आहे का, डार्सीची मावशी लेडी कॅथरिन हिचा थयथयाट आहे का? या हिशेबात १९९५ची बीबीसी मालिका दर वेळी पहिली येते. सहा भाग, मिळून साडेपाच तासांच्या आसपास. तिच्यात मावले नाही असे फारसे काही नाहीच. तरीही कादंबरीच्या गाभ्यापासून ती जिथे दूर सरकते, ती जागा या मोजणीत कधीच येत नाही.

कादंबरी एलिझाबेथला फसवते आणि तिच्याबरोबर वाचकालाही. १७९६-९७ मध्ये झालेल्या पहिल्या खर्ड्याचे नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ होते, म्हणजे पहिल्या भेटीत बनलेली मते. १८१३ मध्ये पुस्तक आले ते नव्या नावाने, पण यंत्रणा तीच राहिली. डार्सी घमेंडखोर आणि त्याने आपल्याला नाडले असे सांगणारा लष्करी अधिकारी विकहॅम बिचारा, हे एलिझाबेथचे मत वाचकाला कोणी सांगत नाही. तो ते स्वतःच बनवतो. एकसष्ट प्रकरणांपैकी पस्तिसाव्यात, एलिझाबेथने लग्नाला नकार दिल्यावर, आपली बाजू मांडणारे डार्सीचे पत्र येते आणि छत्तिसाव्यात ते मत कोसळते. वाचकही तिच्याइतकाच तोंडघशी पडला, तरच पुढची पंचवीस प्रकरणे चढतात.

यावर जाणकार लगेच म्हणतील की डार्सीचे मन तर लेखिकेनेच आधी उघड केले आहे. बरोबर आहे. सहाव्या प्रकरणात त्याला एलिझाबेथचे काळे डोळे आवडू लागल्याचे निवेदक सांगतो आणि दहाव्यात तो पुरता गुंतल्याचेही. पण हे झाले त्याचे आकर्षण. लेखिका झाकून ठेवते ती त्याची बाजू: विकहॅमशी खरे काय घडले आणि नेदरफील्डला राहणारा आपला मित्र बिंगली याला एलिझाबेथची बहीण जेन हिच्यापासून त्याने का तोडले. माणूस प्रेमात पडला आहे हे ठाऊक असूनही तो वाईट असू शकतो, हा संशय वाचकाच्या मनात जिवंत राहतो. सगळा खेळ या संशयावर आहे.

अँड्र्यू डेव्हिस यांच्या पटकथेने १९९५च्या मालिकेत नेमका हाच संशय घालवला. डार्सी एकटा असताना कॅमेरा त्याच्याजवळ जातो. तो आंघोळ करून खिडकीतून एलिझाबेथला कुत्र्याशी खेळताना पाहतो. तलवारबाजी करून मनातली तळमळ दाबायला बघतो. तळ्यात उडी मारतो. यातले काहीही कादंबरीत नाही. एलिझाबेथच्या पाठीमागे प्रेक्षकाची डार्सीशी गुपचूप ओळख होते आणि मग तिची चूक ही फक्त तिची चूक उरते. तिला कधी कळते याची आपण आरामात वाट पाहत बसतो. मालिका लाडकी झाली ती यामुळेच, हे मान्य. त्या भिजलेल्या सदऱ्यावर राग धरण्याचेही कारण नाही. फक्त याला कादंबरीचे निष्ठावंत रूपांतर म्हणू नये.

पत्राच्या प्रसंगात तर हा फरक उघडाच पडतो. मूळ पत्र दोन कागद गच्च भरून, वर पाकिटावरही मजकूर, असे आहे. मोठ्याने वाचले तर पाव तास सहज जाईल. एवढा वेळ कोणताही दिग्दर्शक देणार नाही, म्हणून काटछाट अटळच. प्रश्न असतो, काय ठेवायचे? एलिझाबेथ पत्र दोनदा वाचते. पहिल्या वाचनात ती चिडलेली असते, प्रत्येक वाक्यात खोट शोधते, पत्र ठेवून देते. अर्ध्या मिनिटात ते पुन्हा उघडते आणि या खेपेला विकहॅमचा मजकूर शब्दाशब्दाने तपासते. तिच्याजवळ पुरावा कसलाच नाही. एकाच्या शब्दासमोर दुसऱ्याचा शब्द, एवढाच ऐवज. निवाडा होतो तो आठवणींच्या उलटतपासणीतून. पहिल्याच संध्याकाळच्या गप्पांत विकहॅमने अनोळखी मुलीला आपली कर्मकहाणी का सांगितली? डार्सीला मी टाळणार नाही अशी फुशारकी मारून नेदरफील्डच्या नाचाला तो गैरहजर का राहिला? नेदरफील्डची मंडळी गाव सोडून जाईपर्यंत ही कहाणी फक्त तिलाच ठाऊक आणि ती जाताच साऱ्या गावाच्या तोंडी कशी?

१९९५च्या मालिकेत तिसरा भाग नकारावर संपतो आणि चौथा डार्सीच्या पत्रलेखनाने सुरू होतो. लिहिता लिहिता गतकाळ पडद्यावर येतो: केंब्रिजमधला उनाड विकहॅम, रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी विकहॅमच्या जाळ्यात सापडलेली डार्सीची धाकटी बहीण जॉर्जियाना. चित्रण सुरेख आहे. पण कॅमेऱ्याने दाखवले की ते खरेच असते. पडद्याचा अलिखित नियमच तसा आहे. एलिझाबेथने पत्र हातात घेण्याआधीच प्रेक्षकाकडे पुरावा पोचला. विश्वास ठेवावा की नाही हा सवालच मिटला आणि तिच्या वाचनाला काम उरले नाही.

जो राइटच्या २००५च्या चित्रपटाकडे दोन तासांहून थोडाच जास्त वेळ होता. तिथे डार्सी रात्री येऊन पत्र ठेवून जातो आणि मजकुरातले मोजकेच त्याच्या आवाजात ऐकू येते. दुसरे वाचन नाही, उलटतपासणी नाही. एलिझाबेथचे मत बदलते ते जवळजवळ चेहऱ्यावरच. १९४०च्या एमजीएमच्या चित्रपटाने तर पत्राची भानगडच ठेवली नाही, डार्सीच्या वाड्याची, पेंबर्लीची, सफरही गाळली. विकहॅमचे खरे रूप डार्सी तोंडीच सांगून टाकतो. तो चित्रपट हेलन जेरोम यांच्या नाटकावरून बेतलेला आणि खेळकर सुखान्तिकेच्या घाटाचा, त्यामुळे ते त्याला खपून गेले. (त्यातला कॉलिन्स धर्मोपदेशक नाही, ग्रंथपाल आहे. धर्मगुरूंची टिंगल हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेला चालत नसे. आणि लेडी कॅथरिन शेवटी चक्क डार्सीची हस्तक निघते!)

राहिली १९८०ची बीबीसी मालिका. पाच भाग, पटकथा फे वेल्डन यांची. चर्चेत तिचे नाव शेवटी येते, तेही तिच्यातला डार्सी, डेव्हिड रिंटूल, किती ताठ आहे हे सांगायला. तो ताठ आहेच. संवाद स्टुडिओत चित्रित झाल्याने घरांतला प्रकाश सपाट आहे आणि गतीही मंद. पण कॅमेरा बहुतांशी एलिझाबेथची बाजू सोडत नाही. ती भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ गार्वीच्या आवाजात नायिकेचे विचार ऐकू येतात. रिंटूलच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही ही उणीव म्हणून सांगितली जाते. अहो, एलिझाबेथलाही ते वाचता येत नव्हते! पत्र येईपर्यंत हा माणूस नुसता शिष्ट आहे की मनाने चांगला, याचा पत्ता लागत नाही. कादंबरीची यंत्रणा या एका रूपांतरात बऱ्यापैकी चालू राहते.

फसवणुकीचा अर्धा भार विकहॅमवर असतो आणि पटकथाकार सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच करतात. २००५ मध्ये विकहॅम झालेल्या रूपर्ट फ्रेंडला मिळालेले प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. दिसायला देखणा, पण ओळख होण्याआधीच गायब. प्रेक्षकाचा ज्याच्यावर जीव जडलाच नाही, त्याचे पितळ उघडे पडून काय साधणार? सोळाव्या प्रकरणात विकहॅम सांगतो की डार्सीच्या वडिलांची आठवण आहे तोवर मी त्याला उघडे पाडणार नाही. आणि प्रसंगभर तो उघडे पाडण्याखेरीज दुसरे काहीच करत नाही. हे वाक्य नटाने इतक्या सहज टाकायला हवे, की पहिल्या खेपेला ते खानदानीपणाचे वाटावे आणि दुसऱ्या खेपेला निर्लज्जपणाचे. त्याला मिशीवर ताव मारणारा खलनायक केला की खेळ खलास. नुसता गोड ठेवला तरी दुसऱ्या खेपेला सापडायला काही उरत नाही.

पेंबर्लीतही तीच गत. घर दाखवणाऱ्या मिसेस रेनल्ड्स डार्सीला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखतात आणि तो आपल्याला कधी उणा शब्द बोलला नाही असे सांगतात. साऱ्या कादंबरीत डार्सीच्या बाजूने मिळालेली ही पहिली तटस्थ साक्ष, त्यामुळे ती ऐकायला शांतता हवी. त्यानंतर एलिझाबेथ त्याच्या तसबिरीसमोर उभी राहते, बाहेर पडते, आणि वीस यार्डांवर तो स्वतः. वाचक दचकतो. १९९५मध्ये मात्र तिच्या फेरफटक्याला डार्सीच्या घोडदौडीचे आणि पोहण्याचे तुकडे जोडले आहेत, त्यामुळे भेट होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. दचकण्याऐवजी गुदगुल्या होतात. २००५मध्ये तसबिरीच्या जागी संगमरवरी अर्धपुतळा आला. चित्रण देखणे, पण रेनल्ड्सबाईंची साक्ष त्या शिल्पांच्या गर्दीत विरून जाते. (तिथले पेंबर्ली म्हणजे डर्बीशरमधला चॅट्सवर्थचा वाडा. कादंबरीत पेंबर्ली आणि चॅट्सवर्थ ही दोन वेगळी ठिकाणे आहेत आणि दुसऱ्याचे नाव पुस्तकात सरळ येते.)

पैशांबद्दल थोडक्यात. एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट यांचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, डार्सीचे १०,०००. बेनेट कुटुंब गरीब नाही. त्यांची इस्टेट पुरुष वारसाकडे जाणार म्हणून मुली उद्या उघड्यावर पडणार, ही खरी भीती. २००५च्या चित्रपटात त्यांच्या घरातून डुक्कर फिरते, तेव्हा उद्याच्या भीतीची आजची गरिबी होऊन बसते. मात्र त्याच चित्रपटात कॉलिन्सला होकार दिलेली एलिझाबेथची मैत्रीण शार्लट आपण सत्तावीस वर्षांची आहोत, हाती पैसा नाही, आईबापांना भार झालो आहोत आणि घाबरलो आहोत असे एका दमात सांगते. पुस्तकात नसलेले ते भाषण वारसाहक्काचा सगळा कायदा समजावून जाते. भर घालावी तर अशी. त्याच चित्रपटात एलिझाबेथला बग्गीत चढवल्यावर डार्सीची बोटे क्षणभर ताणली जातात. ती भरही चोख आहे, कारण तिने आकर्षण कळते, बाजू कळत नाही.

परमुलुखात नेलेल्या रूपांतरांना हे माप लावणे अवघड. गुरिंदर चढ्ढांच्या २००४च्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये कथा अमृतसरला आली, डार्सी अमेरिकन झाला आणि पूर्वग्रह दोन माणसांमधला न राहता दोन देशांमधला झाला. वारसाची अट गळाल्यामुळे तिथला कॉलिन्स, कोहली, म्हणजे निव्वळ परदेशी स्थायिक झालेले हास्यास्पद स्थळ. नाचगाणी झकास, पण लग्नाला नाही म्हणण्यातला धोका संपला.

ज्यांनी अजून काहीच पाहिलेले नाही, त्यांनी कादंबरीची पहिली छत्तीस प्रकरणे वाचूनच पडद्याकडे वळावे. वाचन जमणार नसेल तर आधी १९८०, मग १९९५, मग २००५. उलट क्रमाने गेल्यास १९८०चा ताठपणा सोसवत नाही आणि तो कशासाठी आहे हेही समजत नाही. १९४०चा केव्हाही पाहावा. त्यातले फुगीर बाह्यांचे पोशाख १८३०च्या आसपासचे, कथेपेक्षा कितीतरी पुढचे आहेत, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

डॉली ऑल्डर्टन यांनी लिहिलेली नवी मालिकाही सहा भागांचीच आहे. पत्र कादंबरीच्या मध्याच्या किंचित पुढे येते, तेव्हा याही वेळी ते तिसऱ्या भागाच्या शेवटी किंवा चौथ्याच्या सुरुवातीला यावे. तिथे पोचल्यावर पाहायचे ते इतकेच: कॅमेरा रॅम्सगेटला जातो, की कागद हातात धरून पुन्हा पहिल्या ओळीपाशी परतणाऱ्या एलिझाबेथजवळ थांबतो.

आपला,
एक नियमित वाचक