फिट पाहणाऱ्याचं सांगणं केस पेपरवर येऊ द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना जेवता जेवता थांबायची. नजर खिळायची, तोंड रिकामंच चावल्यासारखं हलायचं. उजव्या हाताने फ्रॉकचं बटण चाचपत राहायची आणि डावा हात मनगटात वाकून ताठ व्हायचा. मिनिट-दीड मिनिट असं चालायचं. मग म्हणायची, "आई, भाजी वाढ ना." भाजी ताटातच असायची.

शाळेने 'लक्ष नसतं' असा शेरा दिला. रुग्णालयात विचारलं: पडते का, फेस येतो का? मी नाही म्हटलं, तिथेच प्रश्न संपले. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, नॉर्मल आला. "लक्ष वेधून घेते," असं सांगून घरी पाठवलं. यात दोन वर्षं गेली.

शेवटी तिच्या मामाने मोबाइलवर व्हिडिओ काढला. मेंदूविकारतज्ज्ञांनी तो तीनदा पाहिला. उजवा हात चाळा करतोय, डावा ताठ होतोय, म्हणजे झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, कानशिलाच्या आतल्या भागात सुरू होत असणार, असं ते एमआरआयच्या आधीच म्हणाले. एमआरआयमध्ये व्रण तिथेच निघाला.

साहेब, अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार असूनही पहिला ईईजी नॉर्मल येतो, असे रुग्ण निम्म्याच्या आसपास असतात. म्हणून पाहणाऱ्याला नीट विचारायला हवं. डोळे उघडे होते की मिटलेले? आधी चेहरा पांढरा पडला का? मान कुठे वळली? जीभ कडेला चावली गेली का? भानावर यायला किती वेळ लागला? साध्या चक्करेतही हातपाय दोन-चारदा झटकतात, आणि तेवढ्यावरून फिटच्या गोळ्या मागे लागू शकतात. उलट, माझ्या मुलीसारख्या झटक्यांना चालणारं कार्बामाझेपिन हे औषध, दुसऱ्या प्रकारच्या अपस्मारातले, सकाळी हातातला कप उडवणारे झटके आणखी वाढवू शकतं.

माझी मागणी खर्चिक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून प्रत्येक केस पेपरवर हे प्रश्न छापा. आशाताईंना व्हिडिओ काढायला शिकवा: एकाने रुग्णाला सांभाळायचं, दुसऱ्याने चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं चित्रण करायचं, मध्ये नावाने हाक मारायची, झटका थांबल्यावरही लगेच बंद करायचं नाही. आजही चप्पल हुंगवण्यात हा सगळा वेळ जातो.

प्रशिक्षणासाठी आमचा व्हिडिओ हवा असेल तर देते. मुलीला विचारलंय, तिची हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक आई