इंग्रजीवरून नको, मराठीवरून या

एश-सुर-अल्झेत, लक्झेंबर्ग

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे रिकामा रकाना आणि वर तांबड्या शाईने 'लक्झेंबर्गी भाषांतर भरून पाठवणे'. रोज जेवण झाल्यावर दोघं मिळून पाठ करणार म्हणता, हे वाचून फार बरं वाटलं. तरीही रकाने भरून न पाठवता पत्रच लिहायला बसले. त्यातली बरीच वाक्यं इथे लागत नाहीत, आणि काही इंग्रजीवरून उचलली तर ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. माझं म्हणणं एवढंच, की इंग्रजी बाजूला ठेवा आणि या भाषेकडे थेट मराठीवरून या. ती वाट जवळची आहे.

आधी खोडलेलं सांगते. 'तिकीट खिडकी कुठे आहे?' हे खोडलं. 1 मार्च 2020 पासून या अख्ख्या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यांनासुद्धा. फिंडेल विमानतळावरून आपण ट्राममध्ये बसू तेव्हा खिशात हात घालू नका. 'हाऊ आर यू?' हेही खोडलं. दुकानात कुणी अनोळखी माणसाची खुशाली विचारत नाही. तिथे म्हणायचं 'मोयेन'. सकाळ असो, दुपार असो की संध्याकाळ, मोयेन चालतं. लिफ्टमध्ये शिरलात, दवाखान्यात आधी बसलेल्या लोकांमध्ये जाऊन बसलात, तर सगळ्यांना मिळून एक मोयेन. त्याशिवाय आत जाणं इथे उद्धट समजतात. निघताना 'ऍडी'. आभाराला 'मेर्सी', शब्द फ्रेंचांचा पण जोर पहिल्या अक्षरावर. मनापासून आभार मानायचे तर 'मेर्सी फिलमोल्स'. 'प्लीज'ला 'वान एश गेलिफ्त'. पाट्यांवर त्याची डब्ल्यू, ई, जी एवढी तीनच अक्षरं दिसतील, आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या 'कृ. मा. प.'सारखी.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या यादीत जिथे जिथे 'यू' आहे, तिथे मोबाइल तुम्हाला फसवेल. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे मोबाइल अंदाजाने काहीतरी देतो. या भाषेत 'डू' म्हणजे तू आणि 'दीअर' म्हणजे तुम्ही. जर्मन माणूस आदरार्थी बोलताना 'ते'चं रूप वापरतो, हे लोक मात्र आपल्यासारखंच अनेकवचनी 'तुम्ही' वापरतात. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. ज्यांना 'तुम्ही' म्हणाल त्यांना दीअर. 'तुम्ही इंग्रजी बोलता का?' हे 'श्वॅट्स्ट दीअर एंगलेश?' शेजारच्या आजींची खुशाली विचारायची तर 'वेइ गेट एट इअश?', त्यातलं इअश म्हणजे 'तुम्हाला'. त्यांना कुणी एकदम डू म्हटलं की त्या हसून उत्तर देतात, पण भुवई थोडी वर जाते. मी जवळून पाहिलंय.

हॉटेलात आपण 'मला चहा पाहिजे' असं ठणकावत नाही, 'चहा हवा होता' म्हणतो. हवा आत्ताच असतो, पण क्रियापद मागे सरकवलं की बोलणं मऊ होतं. इथेही तसंच: 'एश हॅट गेअर'. कॉफी हवी असेल तर 'एश हॅट गेअर ए काफी'. आईला चहा, तर 'एश हॅट गेअर एन टेइ', दुधाचा हवा तर पुढे 'मात मेलेश'. बाबा, कॉफीच्या आधी 'ए' आणि चहाच्या आधी 'एन' का, हे तुम्ही विचारणारच. शब्दाच्या शेवटचा 'न' पुढे स्वर किंवा न, ड, ट, त्स, ह आला तरच टिकतो, एरवी गळून पडतो. बोलताना गळतो तसा लिहितानाही गाळायचा असतो. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला संधी समजावून सांगायला नको. मला वर्गात हा नियम पहिल्यांदा फळ्यावर दिसला तेव्हा तुमचीच आठवण आली.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजीवाला एकवीस म्हणताना आधी वीस म्हणतो आणि मग एक. इथे 'एनानत्स्वान्त्सेश', म्हणजे एक-आणि-वीस, आपल्यासारखा एक पुढे. गल्ल्यावरच्या बाईने रक्कम सांगितली की मराठी कानाने ऐका, उलटसुलट होणार नाही. किंमत विचारायला 'वाट काश्ट दाट?' आणि आई, तुला आवडेल अशी एक गंमत. दोन पुरुषांना 'त्स्वेइन', दोन बायकांना 'त्स्वोउ', दोन मुलांना 'त्स्वे'. दोघे, दोघी, दोघं! माझ्या वर्गातली अमेरिकन मुलगी यावर डोकं धरून बसली होती, मी मात्र दोघी-दोघे करत शांतपणे उत्तरं लिहीत होते.

तुझ्यासाठी आणखी एक. मालवणीत तू म्हणतेस ना, 'ता चेडू खंय गेला?' पुण्याची मंडळी त्यावर हसायची. मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून. तर इथे ओळखीच्या बाईचा नावाने उल्लेख झाला की पुढे तिच्यासाठी 'हाट' येतं, म्हणजे 'ते'. अगदी आजीबाई असली तरी. आडनाव लावून 'मादाम' म्हटलं तरच 'ती'. शेजारच्या आजी माझ्याबद्दल फोनवर बोलताना हाट म्हणतात, आणि मला माहेरी असल्यासारखं वाटतं. तुझी मालवणी इथे कामाला येईल असं लग्नात निघताना मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा हिरमोड होणार नाही. आमचं एश शहर फ्रान्सच्या हद्दीला अगदी खेटून आहे. या देशात रोज दोन लाखांहून जास्त लोक फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात, आणि राहणाऱ्यांतही निम्म्याच्या आसपास परदेशी आहेत. त्यामुळे बेकरीतली मुलगी तुमच्या मोयेनला मोयेन म्हणेल आणि पुढे फ्रेंचमध्ये सुरू होईल. तेव्हा 'एश फेरश्टिन नेट', मला समजत नाही, एवढं म्हणा. कुणी ही भाषाच भराभर बोलू लागलं तर 'मेइ लुअस, वान एश गेलिफ्त', जरा सावकाश. कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज वाण्याकडे तर आईला काही शिकायलाच नको. परदेशी लोकांत सर्वांत जास्त पोर्तुगीज आहेत, आणि बटाटा, कोबी, पाव, साबण, चावी हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतलेले. बोट दाखवून बटाटा म्हण, तो पिशवीत भरायला लागेल.

मग सगळे फ्रेंच बोलतात तर हा खटाटोप कशाला, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. नीट उत्तर देते. 1940 मध्ये हिटलरच्या सैन्याने हा देश गिळला. 10 ऑक्टोबर 1941 ला शिरगणती ठेवली, त्यात राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन प्रश्न. तुमची ती बोली, भाषा नव्हे, तिचं नाव लिहायचं नाही, असं बजावलं होतं. लोकांत गुपचूप निरोप फिरला: 'द्राइमोल लेत्सेबुएयेश', तिन्ही वेळा लक्झेंबर्गीच लिहा. आधी केलेल्या चाचणीतच कल कळला आणि जर्मनांना ती शिरगणती गुंडाळावी लागली. बाबा, भाषा टिकवायची म्हणून मोर्चे काढलेल्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू? पुढे 24 फेब्रुवारी 1984 ला कायद्याने तिला राष्ट्रभाषा केलं. आपल्या मराठी दिनाच्या तीनच दिवस आधीची तारीख. आज नोकरी करणाऱ्याला ती शिकायला एकूण 200 तासांची रजा मिळते. मी त्याच रजेवर शिकले. शेजारच्या आजींच्या घरात त्या पिढीचे फोटो भिंतीवर आहेत. तुम्ही त्यांना मोडक्यातोडक्या उच्चारात 'फ्रेट मेश', भेटून आनंद झाला, म्हणालात तर त्यांना काय वाटेल ते मला माहीत आहे. म्हणून हा खटाटोप.

आणि तुमची नात चिऊ आहेच. सप्टेंबरपासून ती 'श्पिलशूल'ला, म्हणजे बालवाडीला जाईल, तिथे खेळ-गाणी-भांडणं सगळं याच भाषेत. पाळणाघरातून आत्ताच ती हे घरी घेऊन येते. 'कुक!' म्हणाली की बघा. 'नाख' म्हणजे अजून. 'नाख एंग केइअर' म्हणजे पुन्हा एकदा, आणि ते गोष्टीच्या शेवटी हमखास येतं. इथली मुलं आजीला बोमी आणि आजोबांना बोपा म्हणतात, पण तिने तुम्हाला आजी-आजोबाच म्हणायचं असं मी तिला सांगितलंय. बाबा, तिच्याशी मराठीच बोला, हट्टाने बोला. फक्त ती जे बोलते ते तुम्हाला कळलेलं असू दे.

आई, तुम्ही येताय श्रावणात, तेव्हा तुझं वाक्य घोटून घोटून पाठ कर: 'एश इअसे के फ्लेश, के फेश आ केंग एएर'. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नकोस, कारण त्यावर ऑम्लेट समोर येतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात राजधानीत शुएबरफोउअरची जत्रा लागते, 1340 पासूनची. तिथे बटाट्याचे कुरकुरीत वडे मिळतात, ग्रोम्पेरेकिशेल्शर, पण त्यात अंडं असतं. श्रावण संपला की बघू.

तब्येतीची वाक्यं मी मुद्दाम थोडीच ठेवली. बरं वाटत नसेल तर 'एश फिले मेश नेट गुट'. रुग्णवाहिकेला 112. बाकी डॉक्टरांपुढे पाठांतराचा भरवसा धरू नका. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा इंग्रजीत टाइप करून डॉक्टर सावंतांची, नाहीतर जे असतील त्यांची, सही घ्या आणि पाकिटात ठेवा.

उच्चारासाठी एक सरकारी ऑनलाइन शब्दकोश आहे, शब्दावर दाबलं की आवाज ऐकू येतो. त्याची लिंक दादाला पाठवली आहे. तो लावून देईल. ऐकताना लक्षात ठेवा, व्ही अक्षर बहुतेक ठिकाणी 'फ' होतं आणि डब्ल्यू 'व'.

तुमच्या यादीतलं शेवटचं वाक्य, 'आय ॲम लॉस्ट', मी भरलेलं नाही. त्याऐवजी घरचा पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली दोन कार्डं करून ठेवली आहेत, एक आईच्या पर्समध्ये जाईल, एक तुमच्या सदऱ्याच्या खिशात. साजूक तूप आणि पेढे मात्र आणू नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. कोकमं आणा.

तुमची,
मनू